खांब क्रमांक सदतीस

मी राष्ट्रीय स्टेडियमच्या हक्कधारक खिडकीवर बसते. स्टेडियमला एका मंत्र्याचं नाव आहे, पण मेक्सिको शहरात ते कुणी घेत नाही. सगळे त्याला कढई म्हणतात. साठ वर्षांपूर्वी कढई बांधताना पैसे मध्येच संपले, तेव्हा काही हजार खुर्च्या नव्व्याण्णव वर्षांच्या हक्कानं लोकांना देऊन टाकल्या. म्हणजे अजून एकोणचाळीस वर्षं या लोकांना खुर्चीवरून कुणी उठवू शकत नाही. ते आपणहून उठतात आणि माझ्या खिडकीशी येतात.

आधुनिकीकरण सुरू झालं तेव्हा तक्रारीचा नवा फॉर्म आला. त्यावर चार चौकोन होते: खुर्ची मोडली आहे, खुर्ची ओली आहे, खुर्चीवर दुसराच माणूस आहे, समोरचं दिसत नाही. फुटबॉल बघायला आलेल्या माणसाला याहून वेगळं दुःख असू शकत नाही, असं समितीचं मत होतं. डॉन एव्हारिस्तो येईपर्यंत माझंही तेच मत होतं.

आमच्याकडे वयस्क पुरुषाला मानानं डॉन म्हणतात, बाईला डोन्या. डॉन एव्हारिस्तो ऐंशीला टेकलेले, ट्रॉलीबसचे निवृत्त चालक. खुर्ची पंधरा त्यांची. आम्ही त्यांना पत्र पाठवलं होतं की आपल्या खुर्चीसमोरचा खांब क्रमांक सदतीस काढण्यात येत आहे, आजवरच्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. त्यांनी पत्र खिडकीतून आत सरकवलं.

"मुली, तक्रार लिहून घे."

"कोणता प्रकार, डॉन?"

"दिसेल."

"म्हणजे?"

"खांब गेला तर मला समोरचं दिसेल. ही तक्रार."

"'दिसत नाही' असा चौकोन आहे. 'दिसतं' असा नाही."

त्यांनी फॉर्म हातात घेतला आणि तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत सगळा वाचला, चष्म्याशिवाय. मग म्हणाले, "'खुर्चीवर दुसराच माणूस' वर खूण कर. खांब गेल्यावर तिथे जो बसेल, तो मी नसेन."

मी खूण केली.

गोष्ट अशी होती की डॉन एव्हारिस्तोंच्या डावीकडे, खुर्ची चौदावर, डोन्या ओब्दुलिया बसायच्या. तिथून खांब आडवा येत नाही. त्र्याऐंशी साली त्या पहिल्यांदा आल्या, त्या दिवशी लोक एकदम ओरडले आणि डॉन एव्हारिस्तोंनी टोपी काढून विचारलं, "माफ करा, काय झालं हो?" डोन्यांनी सांगितलं. तेव्हापासून चाळीस वर्षं ते विचारतात आणि त्या सांगतात.

"आणि त्या बरोबर सांगतात?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी म्हणाली, गोलकीपरनं तीन गोल केले. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर आपण दोन-शून्यनं हरलेलो." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "एकदा रेफरीनं सगळ्यांची माफी मागितली. एकदा सात नंबरला घरून निरोप आला, म्हणून तो अर्ध्यातून गेला. अख्ख्या देशात तो सामना फक्त मला ठाऊक आहे. घरी मी तिचाच सांगतो. पण तिला यातलं काही कळता कामा नये हां, मुली. खोटं पकडलं असं वाटेल तिला."

आता खांबाबद्दल. जुन्या फायलींत त्याचा इतिहास सापडतो. कढईचं छप्पर मागच्या बाजूनं जमिनीत अडकवलेलं आहे. पुढे ते अधांतरीच राहावं असा मूळ आराखडा. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी मंत्रिमहोदय पाहणीला आले आणि वर बघून म्हणाले, "हे कशावर उभं आहे? खांब कुठाय?" खांब नाही, असं उत्तर होतं. पण आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. रस्ता विचारलात तर ज्यानं त्या गल्लीचं नाव जन्मात ऐकलेलं नाही तोसुद्धा दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं मनापासून सांगेल. मुख्य अभियंता म्हणाला, "साहेब, खांब यायचाय." सहा दिवसांत खांब आला. त्याला सदतीस नंबर दिला, कारण एकच खांब पाहून साहेबांना शंका आली असती. साहेबांनी त्यावर हात टेकवून फोटो काढला. फोटो दालनात लागला, आणि मग खांब हलवायची कुणाची छाती होईना.

तर डॉन एव्हारिस्तो येऊन गेले मंगळवारी. गुरुवारी डोन्या ओब्दुलिया आल्या. त्या लग्नाचे केक करायच्या; अजूनही कुणाकडे काम असलं की आधी केकचा तुकडा पुढे करतात.

"पोरी, आधी खा. मग 'हो' म्हण."

"कशाला?"

"तो खांब राहू दे."

"पण तो तुमच्यापुढे नाहीच आहे, डोन्या. शेजाऱ्यांपुढे आहे."

"तेच तर." त्या खिडकीत वाकल्या. "मला फुटबॉल कळत नाही."

"कमी कळतो?"

"अजिबात नाही. मध्यंतरानंतर ते बाजू बदलतात, हे मला नव्वद साली समजलं. तोवर अर्धा सामना मी उलटा सांगितला."

"मग येता कशाला?"

"नवऱ्याची खुर्ची. तो गेला. सलग तीन सामने रिकामी राहिली तर हक्क जातो असं कागदावर लिहिलंय. गेले एकदा, म्हटलं बसून येऊ. तर शेजारच्यानं टोपी काढून विचारलं, काय झालं हो. इतक्या अदबीनं विचारणाऱ्याला काय 'माहीत नाही' म्हणू? चांगल्या घरातली आहे मी."

"आणि नंतर?"

"नंतर त्याला आवडायला लागलं. मग मीही जरा मनावर घेतलं." त्यांनी केकच्या डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "आता त्याला दिसायला लागलं की पहिल्या दहा मिनिटांत समजेल, ही बाई चाळीस वर्षं आपल्याला फसवतेय. मी त्याच्या शेजारी कोणत्या तोंडानं बसू?"

एका हक्कधारकाची तक्रार दुसऱ्याला सांगायची नाही, असा नियम आहे. मी केक खाल्ला. दोघांचे फॉर्म एकाच ड्रॉवरमध्ये, एकावर एक ठेवले. यापलीकडे त्यांना एकत्र आणणं माझ्या अधिकारात नव्हतं.

दोघांनाही समितीचं उत्तर गेलं: आपल्या विनंतीचा लवकरच आपुलकीनं विचार होईल. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो. उत्तर पोचलं त्याच सकाळी खांब काढायला माणसं आली.

इंजिनिअर सालमेरॉन यांनी आधी छपराला अठरा लोखंडी टेकू दिले, लोकांना लांब उभं केलं, शिडीवर चढले आणि वर बराच वेळ थांबले. मग त्यांनी खिशातलं वर्तमानपत्र काढून खांब आणि छप्पर यांच्यामधून एका बाजूनं आत घातलं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर काढलं. शेवटच्या दिवशी सिमेंट कमी पडलं असणार. दोन बोटं फट होती. साठ वर्षं छप्पर खांबावर नव्हतंच. खांब छपराखाली होता, इतकंच.

"कुणाला सांगू नका," इंजिनिअर म्हणाले.

"नाही सांगणार," सगळे म्हणाले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हे पार टॅको विकणाऱ्या बाईपर्यंत पोचलं होतं.

नवी कढई उघडली. नव्या खुर्च्या, नवे दिवे, मैदानापेक्षा मोठा वाटणारा पडदा. पहिल्या सामन्याला खुर्ची पंधरावर डॉन एव्हारिस्तो इस्त्रीच्या शर्टात बसले होते. खुर्ची चौदा रिकामी. दुसऱ्या सामन्यालाही रिकामी. सोमवारी ते खिडकीशी आले.

"मुली, हे इतकंच असतं?"

"काय?"

"फुटबॉल. बावीस माणसं पळतात. मध्ये तर वीस मिनिटं काहीच झालं नाही. तिच्या वेळी असं कधी झालं नव्हतं." त्यांनी आवाज खाली आणला. "ती आजारी आहे का?"

"नाही."

"मग रविवारी तिसरा सामना. आली नाही तर खुर्ची जाईल. तिथे कुणीतरी येऊन बसेल, ज्याला फुटबॉल कळतो." हे शेवटचं त्यांनी, एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसं म्हटलं. "तू तिला सांग, मला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. माझी काही तक्रार नाही."

"ते सांगितलं तर त्या कधीच येणार नाहीत, डॉन. चाळीस वर्षं तुम्ही ऐकून घेतलंत आणि एकदाही हसला नाहीत, हे कळल्यावर तर गावच सोडतील."

त्यांना ते पटलं. त्यांच्यामागे ओल्या खुर्चीवाल्यांची रांग होती. मग मला उपाय सुचला.

"डॉन, रविवारपासून तुम्हाला दिसत नाही."

त्यांनी विचार केला. "किती?"

"अजिबात."

"म्हणजे मग गाडी घरी ठेवावी लागेल."

"हो."

"आणि पेपर?"

"घरात वाचा. दार लावून."

"बरं," ते म्हणाले. जाताना दाराशी पोचेपर्यंत त्यांनी सरावाला सुरुवातही केली आणि ओल्या खुर्चीवाल्यांपैकी दोघांना धडक दिली.

मी डोन्यांना फोन लावला. शेजारच्या हक्कधारकाची दृष्टी गेल्यास कळवणं बंधनकारक आहे, असं सांगितलं. असा नियम नाही. पण त्र्याऐंशी सालापासून त्या खुर्च्यांवर जे चाललं होतं, तेही कोणत्या नियमात नव्हतं.

पलीकडे केकच्या डब्याचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

"दोन्ही डोळे?"

"दोन्ही."

"खांब गेल्यावर लगेच?"

"लगेच."

"अरेरे. चाळीस वर्षं थांबला बिचारा आणि दोन सामने मिळाले." मग आवाज बदलला. "बघितले ना पण त्यानं ते दोन? त्याला कळलंच असेल मग, मी काय सांगत होते ते."

याचा मी विचार केला नव्हता. "तेव्हाही अंधुकच होतं म्हणाले," मी म्हटलं. "नुसता हिरवा रंग."

"हिरवा," डोन्या म्हणाल्या. "शेंगदाणे आणते मग. त्याला लिंबू जास्त लागतं."

रविवारी मी माझी ड्यूटी त्याच जिन्यावर लावून घेतली. डॉन एव्हारिस्तो मेट्रोनं आले. काळा चष्मा, पांढरी काठी, डोक्यावर तीच टोपी. डोन्या चौदावर आधीच बसलेल्या. वीस पायऱ्या खाली बिअरवाला चालला होता. डॉन एव्हारिस्तो हाताने खूण करत ओरडले, "अरे, ती नको! ट्रेतल्या मागच्या रांगेतली दे, तिच्यावर बर्फ आहे!"

डोन्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली बिअरवाल्याकडे पाहिलं. तिथून बाटल्या मलाही दिसत नव्हत्या. त्यांनी पुन्हा डॉन एव्हारिस्तोंकडे पाहिलं, या वेळी जरा जास्त वेळ.

"जपून," डोन्या म्हणाल्या आणि त्यांचा दंड धरला. "पुढे पायरी आहे."

"उपकार झाले, डोन्या," ते म्हणाले आणि नसलेल्या पायरीवरून पाय उचलून खाली बसले.

सामना सुरू झाला. लोक ओरडले की ते विचारायचे आणि त्या सांगायच्या. रेफरीची शिट्टी हरवली. पलीकडच्या संघातल्या दोघा भावांचं आपसात जमत नाही, एकमेकांना चेंडू देत नाहीत. आपल्या नऊ नंबरनं गोल केला होता, पण त्याचं समाधान झालं नाही म्हणून परत घेतला. प्रत्यक्षात आपण एक-शून्यनं मागे होतो आणि खेळ रटाळ होता. डॉन एव्हारिस्तोंचा चेहरा मैदानाकडे होता. ते मान हलवत होते आणि मला शपथेवर विचाराल तर त्यांना मैदान दिसत नव्हतं.

शेवटचं मिनिट. आपल्याला कॉर्नर मिळाला. हरायचं तर आहेच म्हणून आपला गोलकीपर आपली जागा सोडून पार पलीकडच्या गोलपर्यंत धावत गेला. चेंडू आला. गोलकीपरनं उडी मारली आणि डोक्यानं तो जाळ्यात घातला.

ऐंशी हजार माणसं उभी राहिली. बिअरवाल्यानं ट्रे हवेत उडवला. मी जिन्यावर कुठल्या तरी अनोळखी बाईच्या गळ्यात पडले. कढईत हे कधी घडलं नव्हतं. म्हणजे पेपरवाल्यांच्या मते घडलं नव्हतं.

त्या अख्ख्या गर्दीत दोनच माणसं बसलेली होती. डॉन एव्हारिस्तोंनी काठी दोन्ही हातांनी गच्च धरली होती. काळ्या चष्म्याआडून त्यांनी ते पाहिलं, यात मला शंका नाही, कारण त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यांनी ते मिटलं. टोपी काढली.

"माफ करा," ते म्हणाले. "काय झालं हो?"

डोन्यांनी मैदानाकडे नीट पाहिलं. गोलकीपर गवतावर आडवा होता आणि दहाजण त्याच्या अंगावर पडले होते.

"काही विशेष नाही," त्या म्हणाल्या. "गोलकीपर पडलाय. बाकीचे उचलायला गेलेत."

"असं का," डॉन एव्हारिस्तो म्हणाले. "फार लागलंय का?"

"नाही. हसतोय."

"मग ठीक."

त्यांनी शेंगदाण्यांसाठी हात पुढे केला. हात अगदी बरोबर पुडीवर चालला होता. डोन्यांनी पुडी हळूच वीतभर लांब सरकवली, मग त्यांचा हात धरला आणि पुडीपर्यंत नेऊन ठेवला.