घोटभर शांतता

तेरेरे ओढायच्या नळीच्या तळाशी, जाळीच्या एका छिद्रात येर्ब्याच्या पाल्याचा तुकडा अडकला होता — देठाचा असावा, नखाच्या टोकाएवढा — आणि सुनिल्दा तो टाचणीने सोडवत होती. डेअरीच्या प्रयोगशाळेतल्या सिंकपाशी, नळ बारीक सोडून. साडेअकरा वाजले होते. टाचणी पहिल्याच प्रयत्नात छिद्रात गेली हे तिच्या लक्षात आलं. तिने ती बाहेर काढली आणि पुन्हा घातली. पुन्हा गेली. हात थरथरत नव्हता. एका निरीक्षणावर विश्वास ठेवायचा नाही ही जुनी सवय, पण आता दोन झाली होती.

तासाभरापूर्वी या नळीच्या वरच्या टोकाला इंजिनिअर रोलोनचे ओठ होते, आणि ती बोलत होती. ती... नऊ वर्षांत पहिल्यांदा एक सबंध वाक्य, सुरुवातीपासून पूर्णविरामापर्यंत.

इंजिनिअर रोलोन तसा वाईट माणूस नव्हता. दूधसंघाचा सरव्यवस्थापक, राजधानीत बसायचा, दर मंगळवारी डेअरीवर यायचा आणि दहा वाजता सगळ्यांबरोबर मागच्या आंब्याखाली बसून तेरेरे, येर्ब्याच्या पाल्यावर ओतलेलं बर्फाचं पाणी, प्यायचा — ड्रायव्हर ज्या शिंगाच्या पेल्यातून ओढत तेच शिंग, तीच नळी. त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. फक्त त्याला ऐकता येत नसे. काहींना रंग दिसत नाहीत तसं. तिने मोजलं होतं: सरासरी चार सेकंद. सहाव्या-सातव्या शब्दाला त्याचं “बरं, ते असू दे, पोरी” यायचंच. पोरी छत्तीस वर्षांची होती.

आणि आजचा मंगळवार शेवटचा होता. प्रयोगशाळेचे प्रमुख आतिलिओ, ज्यांना सगळे आदराने काराई म्हणत, शुक्रवारी निवृत्त होणार. त्यांच्या खुर्चीवर राजधानीतून कुणीतरी येणार असं सगळे धरून चालले होते, कारण सुनिल्दा बोलत नाही, आणि न बोलणाऱ्या बाईला खुर्ची कशाला? पण हे तेवढंच असतं, तिला वाटलं, तर मी आजही गप्प बसले असते. तसं बसता येतं मला. एकोणीस दिवस मात्र तिच्या वहीत नमुन्यांचे आकडे साचले होते, आणि गेल्या मंगळवारी रोलोन म्हणून गेला होता की दुधाच्या पिशव्या फुगून परत येतात त्या तीन नंबरच्या गाडीमुळे, त्या वाटेवरच्या एकतीस घरांचं दूध खराब आहे, ते बंद करू. आकडे सांगत होते की दूध चांगलं आहे. आकडे फक्त तिला माहीत होते.

निदिया — तिची मावसबहीण, राजधानीत बँकेत — आठवडाभर फोनवर आवाजातले निरोप पाठवत होती. “माफ करा म्हणून सुरुवात करायची नाही. खांदे मागे. आधी निष्कर्ष, मग कारणं. आणि सुनी, ते तेरेरेचं पाणी सगळ्यांना ओतून देणं पहिलं बंद कर! ओतणाऱ्या बाईचं कुणी ऐकतं का गं? ती भिंतीसारखी असते.” सुनिल्दाने शीतगृहात उभं राहून सराव केला होता. प्रत्येक वाक्याची वाफ व्हायची आणि दह्याच्या क्रेटांवर विरून जायची. तिथे ते छान वाटायचं.

म्हणून आज सकाळी तिने बर्फाच्या पाण्याचा थर्मास आणि शिंग कान्तालिसिओच्या हातात दिलं. तो पॅकिंगचा मुख्य.

“आज तुम्ही ओता.”

“का? हात मोडला की काय बाई?”

“आज मला बसायचंय.”

“बसा की. खुर्ची आणू की सिंहासन?”

ती बसली. खांदे मागे. बसल्यावर हातांचं काय करायचं हे निदियाने सांगितलं नव्हतं. गवतात पडलेले आंबे सडत होते, त्यांच्यावर माश्या होत्या, जानेवारीचं भर उन्हाळ्यातलं ऊन पानांतून खाली गळत होतं... आणि कान्तालिसिओने पहिलंच शिंग भरून थेट रोलोनच्या हातात दिलं. रोलोनने ओढलं आणि तोंड वाकडं केलं.

“अरे, पहिलं संत तोमासचं! ते न पिता मुरू द्यायचं असतं! देवाला उपाशी ठेवून मला पाजतोस?”

“देवाचा पगार कोण देतो साहेब? माझा तुम्ही देता.”

सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता वाटलं की हीच वेळ. “इंजिनिअरसाहेब, पिशव्या फुगतात त्या दुधामुळे नाहीत—”

“बरं, ते असू दे, पोरी. आतिलिओ, शुक्रवारी मांस किती किलो सांगितलंय?”

सहा शब्द. तिने मोजले, मोजल्याशिवाय राहवलं नाही. मग तो उद्यापासून तीन नंबरची गाडी बंद करायचं बोलला, मांसाच्याच दमात. शिंग फिरत होतं. काराई आतिलिओ, दोघे ड्रायव्हर, कान्तालिसिओ स्वतः... आणि परत रोलोन. त्याने नळी ओठांत धरली.

आणि शांतता झाली.

कॉम्प्रेसर ऐकू आला. रातकिड्यासारखा किरकिरणारा कुठला तरी दिवसाढवळ्याचा किडा ऐकू आला. रोलोन पीत होता. गाल आत ओढलेले, डोळे शिंगाच्या कडेवरून कुठेही न बघता सगळीकडे बघणारे, एखाद्या पिणाऱ्या वासरासारखे. दहा, अकरा, बारा. नळी खरखरली, शिंग रिकामं झालं आणि तो लगेच बोलू लागला.

बारा सेकंद. नऊ वर्षं, दर मंगळवारी, चार-पाच वेळा, ती या माणसाच्या हातात बारा सेकंदांची शांतता देत आली होती — स्वतः भरून, स्वतः पुढे करून — आणि त्या वेळात ती कुठे बघायची? जमिनीकडे. सडक्या आंब्यांकडे. या माणसाचं तोंड बंद करण्याचं साधन साऱ्या डेअरीत एकट्या माझ्याकडे होतं, आणि आज, आजच, मी ते उठून दुसऱ्याला दिलं...

“द्या इकडे,” ती उठून कान्तालिसिओला म्हणाली. “बुडवून मारताय येर्ब्याला.”

“आलात ना वळणावर!”

तिने पुढची फेरी ओतली. घाई न करता, पाणी नळीच्या कडेने, वरचा येर्बा कोरडा राहील असं. हातांना काम मिळालं आणि खांदे आपोआप जिथे हवे तिथे गेले. रोलोनचा नंबर आला. त्याचे ओठ नळीवर टेकेपर्यंत ती थांबली.

“एकोणीस दिवसांचे नमुने आहेत माझ्याकडे. तीन नंबरचं दूध इतरांपेक्षा वाईट नाही. दोन दिवस तर ते सगळ्यांत चांगलं होतं.”

त्याच्या भुवया वर गेल्या. पण तो पीत होता.

“मग पिशव्या काय हवेने फुगतात?” शिंग रिकामं होताच तो म्हणाला.

“हो, हवेनेच,” ती म्हणाली, आणि पुढचं शिंग काराई आतिलिओंना दिलं. त्यांनी ते सावकाश प्यायलं, जरा जास्तच सावकाश, तिच्याकडे बघत. रोलोन मधल्या वेळात शेतकरी, ऊन, गायी, सरकार सगळ्यांवर बोलला. तिने बोलू दिलं. फेरी पुरी होणार होती. फेरी नेहमी पुरी होते.

“तापवून आलेलं दूध स्वच्छ असतं,” ती दुसऱ्यांदा म्हणाली, ओठ टेकल्यावर. “पिशवीत जाण्याआधीच खराब झालेलं असतं. मध्ये पाइपाचा एकच कोपरा आहे. त्यात एक रबरी गॅस्केट आहे.”

“अहो बाई!” कान्तालिसिओ म्हणाला. कोपरा त्याच्या पॅकिंगमधला होता.

तिसऱ्या वेळी रोलोनने शिंग घेतलं आणि प्यायलं नाही. मांडीवर धरून ठेवलं. शिंगाच्या बाहेरून पाण्याचे थेंब त्याच्या पँटवर उतरत होते. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याचं तोंड मोकळं होतं, आणि तरी तो गप्प होता.

“बोला, सुनिल्दा. मी पीत नाहीये.”

त्याच्या लक्षात आलं होतं. तिचा चेहरा तापला. आडोसा गेला होता. ती बोलली — काय ते आता नेमकं आठवत नाही, आकडे होते, कोपऱ्याच्या आधीचे आणि नंतरचे — आणि कुठेतरी मध्येच तिला कळलं की आपण सहा शब्दांच्या फार पुढे आलो आहोत, किनारा दिसत नाही, आणि बुडतही नाही.

“खात्री आहे?” त्याने विचारलं.

इथे हो म्हणायचं असतं. निदियाने सांगितलं होतं: ठाम. खांदे मागे, आणि हो.

“नाही,” ती म्हणाली. “गॅस्केट काढून त्याचा नमुना लावल्याशिवाय नाही. आज काढलं तर परवा दुपारी चार वाजता सांगेन. त्याआधी सांगितलं तर तो अंदाज.”

कुणीतरी खोकलं. रोलोनने मग शिंग उचललं, सगळं प्यायलं, नळी खरखरेपर्यंत, आणि परत तिच्या हातात दिलं.

“परवापर्यंत तीन नंबर चालू राहू दे. कान्तालिसिओ, उघडा तो कोपरा.”

खुर्चीबद्दल एक अक्षर नाही. गाडीत बसला आणि गेला.

...येर्ब्याचा तुकडा सुटला आणि पाण्याबरोबर वाहून गेला. तिने नळी उजेडासमोर धरली. सगळी छिद्रं मोकळी.

दोन वाजता कान्तालिसिओ प्लॅस्टिकच्या पिशवीत गॅस्केट घेऊन आला. “घ्या. माझं काळीज आहे, जपून.” पिशवी ठेवून तो गेला नाही. “गप्प होतात तेव्हा बऱ्या होतात तुम्ही. आता यात काही सापडलं तर मी घरी का?”

“ते बदलायचं वेळापत्रक कुणी कधी केलेलंच नाही. तेही लिहिणार आहे मी.”

“लिहिणार की बोलणार?”

“दोन्ही.”

तो हसला, निम्माच, आणि गेला. तिने पुसून नमुना घेतला, थाळ्यांवर पसरला, कपाटात बत्तीस अंशांवर ठेवून दिला आणि दारावर वेळ लिहिली. आता अठ्ठेचाळीस तास कुणालाही काही माहीत नसणार, रोलोनलासुद्धा. हे तिला फार आरामाचं वाटलं. कित्येक दिवसांनी खांद्यांमधली गाठ सुटल्यासारखी.

काराई आतिलिओ आपलं टेबल आवरत होते. कागदांकडे बघतच म्हणाले, “मलाही दर वेळी विचारायचा. खात्री आहे? मी हो म्हणायचो. अठ्ठावीस वर्षं.”

“आणि असायची?”

“निम्म्या वेळा.” त्यांनी एक खण ओढला, बंद केला. “मला वाटायचं, नाही म्हटलं की खुर्ची जाते.”

“जात नाही?”

“मला काय ठाऊक, मुली? मी कधी म्हटलंच नाही.”

पाच वाजता सगळे गेले. आंब्याखाली बाक रिकामा होता. थर्मासमध्ये बर्फ वितळून थोडं पाणी उरलं होतं. शिंगातला येर्बा धुऊन धुऊन बेचव झालेला, तरी तिने ओतलं. युक्तीमुळे झालं की आवाजामुळे? दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, त्यामुळे या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नव्हतं. पुन्हा करताही येणार नव्हता, कारण त्याला आता माहीत होतं. परवा चार वाजता फोनवर त्याच्या ओठांत नळी नसेल. कदाचित गॅस्केट स्वच्छच निघेल आणि तेही तिलाच सांगावं लागेल. ती भीतीची वाट बघत राहिली, नेहमीच्या जागी, छातीच्या जरा खाली. तिथे आता फक्त भूक होती.

तिने शिंग तोंडाला लावलं. ओतणारीने पटकन प्यायचं असतं, बाकीचे ताटकळतात. तिचं चार सेकंदांत उरकायचं, नऊ वर्षं. एक, दोन, तीन... पाणी अजून गार होतं. सहा, सात... कॉम्प्रेसर बंद पडला, आणि त्या एकाएकी मोकळ्या झालेल्या जागेत तिचा आकडा हरवला, आणि तिने तो पुन्हा शोधला नाही.