गट क्रमांक तीनची सुरी

त्या रविवारी दारव्ह्याच्या घरात काही विशेष घडलं नाही. वांग्याचं भरीत झालं, भाकरी झाल्या. यंदाची वांगी बियाळ निघाली म्हणून आईने बाजाराला चार शब्द सुनावले. ताटं उचलली गेल्यावर बाबा नेहमीसारखे मागच्या ओसरीत सतरंजी टाकून सुऱ्यांना धार लावायला बसले. केतकी दोन दिवसांसाठी पुण्याहून आली होती आणि संध्याकाळच्या बसने परत जाणार होती. ती ओसरीच्या खांबाला टेकून पुस्तक वाचत होती, म्हणजे पुस्तक उघडं होतं आणि लक्ष बाबांच्या हातांकडे होतं.

बाबा, म्हणजे अनंतराव, चौतीस वर्षं भूमापक होते. दारव्हा, पांढरकवडा, उमरखेड, जिथे बदली झाली तिथल्या बांधांवरून त्यांनी साखळी ओढली. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही तेव्हा ते सुऱ्यांकडे वळले. पूर्वी गल्लीत सायकलवर चाक बसवलेला धारवाला यायचा. त्याच्या ठिणग्या बघायला पोरं जमत आणि बाबा दारातून कुरकुरत, "हा धार नाही लावत, सुरी खाते अर्धी." तो यायचा बंद झाला त्याच वर्षी केतकीने पुण्याहून त्यांना सिरॅमिकची कांडी आणून दिली. बोटाएवढी जाड, वीतभर लांब, पांढरीशुभ्र, लाकडी मुठीची. गल्लीतल्या बाया तिला खडू म्हणायच्या. "अनंतभाऊ, खडू काढा बाप्पा, टमाटा कापत नाही, चेंदते नुसता."

मग बाबांनी त्याचं एक खातंच उघडलं. आलेली प्रत्येक सुरी वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि वर पेनाने लिहायचं. गट क्रमांक एक, कुंदा. गट क्रमांक दोन, मोतीबाई. गट क्रमांक तीन, सुग्राबी. पश्चिम बाजू बोथट. सुरीला पश्चिम कशी असते, असं आईने एकदा विचारलं होतं. पातं उत्तरेकडे टोक करून धरलं की डावीकडे पश्चिम येते, हे त्यांनी तिला इतक्या गंभीरपणे समजावलं की ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

त्या दुपारी त्यांनी ओला पंचा घडी करून पाटावर ठेवला, त्यावर कांडीचं टोक टेकवून ती उभी धरली. शेजारी कागदाचा एक चौकोनी तुकडा. त्याचा कोपरा एकदा दुमडला की पंचेचाळीस अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. "अन् आपल्याले पाह्यजे वीस," ते स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे याच्याहून इवलंसं कमी." कागद कांडीला लावून कोन पाहायचा, पातं त्या कोनात आणायचं, कागद बाजूला ठेवायचा आणि मुठीपासून टोकापर्यंत अलगद खाली ओढायचं. मग दुसरं अंग. आवाज कसा, तर बारीक शिट्टी घालत कुणी श्वास सोडावा तसा.

"यवतमाळच्या कॉलेजात ग्रंथपालाची जागा निघाली म्हणे," वर न पाहता ते म्हणाले. "पेपरात होतं."

"हं."

"तारीख गेली नसंल तर भरून पाह्यजो फॉर्म."

"बघते," केतकी म्हणाली.

"बघ." आणि ते पुढचा गट उलगडायला लागले.

खरी गोष्ट अशी होती की फॉर्म तिने महिन्याभरापूर्वीच भरला होता. दहा दिवसांपूर्वी यवतमाळला येऊन मुलाखतही दिली होती, आणि तिथून तासाभराच्या अंतरावर असलेल्या या घरी न येता, परतीची बस धरून पुण्याला गेली होती. आली असती तर कशासाठी आलीस हे सांगावं लागलं असतं. कळवतो, एवढंच त्या लोकांनी सांगितलं होतं. आणि या घरात एक नियम होता. पहिल्या बदलीच्या गावी बाबांनी एका शेतकऱ्याला कच्च्या मोजणीवर हद्द सांगितली. पक्की मोजणी दीड हात सरकली, आणि तेवढ्यावरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली. तेव्हापासून मोजणी पक्की झाल्याशिवाय हद्द सांगायची नाही, हे त्यांनी धरलं ते कायमचं, आणि लेकीनेही दूध प्यावं तसं ते घेतलं. दहावीचा निकाल तिने हातात गुणपत्रिका आल्यावरच सांगितला होता. नवऱ्यापासून वेगळी झाली तेही कागदांवर सह्या झाल्यावर. तेव्हा बाबा "बरं" म्हणाले होते, आणि तीन महिने ती घरी होती तोवर भाजी रोज स्वतः चिरत होते. त्यांनी एकदाही काहून म्हणून विचारलं नाही.

त्या तीन महिन्यांनंतर पुण्याच्या एका खोलीत, एकटीपुरती भाजी शिजवताना तिला दर संध्याकाळी वाटायचं की हे सगळं बांधून दारव्ह्याला निघून जावं. यवतमाळला नोकरी, रात्री जेवायला घरी. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. पत्र हातात आलं की सांगू, असं तिने ठरवलं होतं. बाबांसमोर कागदच ठेवू, आणि ते चष्मा शोधतील.

संध्याकाळी बाबा तिला स्टँडवर सोडायला आले. बस हलली तेव्हा ते कंडक्टरशी पुढच्या पुलाचं काम कुठवर आलं याबद्दल बोलत होते. त्यांनी हात केला की नाही, हे तिला नंतर कितीही आठवून आठवलं नाही.

पहाटे बस शिरूरच्या पुढे असताना फोन आला. सुग्राबीचा मुलगा नौशाद होता. "ताई, तुम्ही कुठवर पोहोचल्या?" एवढं विचारून तो थांबला, आणि त्या थांबण्यातच तिला कळलं. बाबा पहाटे पाणी प्यायला उठले होते. तांब्या हातातच राहिला.

ती रस्त्याच्या कडेला उतरली आणि उलट दिशेची गाडी धरली. तिच्यासाठी सगळे संध्याकाळपर्यंत थांबले.

*

सुतकात घरात फोडणी नाही. भाजी चिरायची नाही, तळायचं नाही, शेजारपाजारचे डबे यायचे. सुऱ्यांना त्या घरात काही कामच उरलं नाही. चौथ्या दिवशी कंदिलाच्या खुंटीखालच्या फळीवर केतकीला वर्तमानपत्राच्या पाच पुड्या दिसल्या. रविवारी अर्ध्यावर राहिलेल्या. तीन पुड्यांवर बाबांनी बरोबरची खूण केली होती, दोनांवर नव्हती. गट क्रमांक दोन आणि गट क्रमांक तीन.

"तशाच देऊन टाक," आई म्हणाली. "लोकायले काय, सुऱ्या विकत भेटतात."

"मी लावते."

"तुले येते?"

येत नव्हतं. पंचा, पाट, कागद, सगळं तिने बाबांसारखं मांडलं. कोन धरला. पण हात घाईचा होता, आणि दाबलं की लवकर होईल असं तिला वाटलं. कांडी किंचाळली. आतून आई म्हणाली, "हळू वं! दात आंबले." पाचसहा ओढींतच पांढऱ्या कांडीवर करडे पट्टे उमटले आणि सुरी काचेवरून घसरावी तशी घसरायला लागली. कांडी झिजली, असं समजून तिने ती धुतली, पंचाने पुसली, भांड्यांच्या घासणीने घासली. पट्टे होते तिथेच.

बाबांची कंपासपेटी तिने उघडली ती या कामासाठी नव्हे, नुसतीच. त्यात नकाशांच्या कामाचं एक जुनं खोडरबर होतं आणि त्याची एक बाजू काळी कुळकुळीत झालेली. तिने ते हातात धरलं, मग कांडीवर फिरवून पाहिलं. करडा पट्टा रबरावर आला आणि खालून पांढरं निघालं. कांडीच्या बारीक भोकांत लोखंड भरून बसतं, ते काढलं की ती पुन्हा धरते, एवढंसं गुपित. बाबांनी ते सांगितलं नव्हतं, कारण तिने विचारलं नव्हतं.

मग तिने रोज दुपारी थोडा थोडा हात बसवला. जोर नको, पात्याच्या वजनाएवढाच. मुठीपासून टोकापर्यंत एकच कोन. अंगठा पात्यावर आडवा फिरवला की दुसऱ्या अंगाला बारीकशी खरखर लागते, म्हणजे कड उलटली. मग तिकडून ओढायचं. मोतीबाईची पपई कापायची लांब सुरी तीन दिवसांत झाली. वर्तमानपत्राची पट्टी तिने मधोमध चिरली आणि तिला इतका आनंद झाला की दाखवायला ती वळली. ओसरी रिकामी होती.

मधूनमधून ती फोनवर कॉलेजचं काही आलंय का बघायची. काही नव्हतं. आणि प्रत्येक वेळी तिला स्वतःचीच शिसारी यायची, की आता ते आलं तरी कुणासमोर ठेवायचं? आईला सांगावं असं दोनदा ओठांवर आलं. आई उशाशी बाबांचा चष्मा ठेवून पडलेली असायची. पक्कं झालं की सांगू, असं केतकीने पुन्हा ठरवलं आणि ठरवता ठरवता तिची तिलाच भीती वाटली.

*

तेरवीच्या सकाळी अंगणात कोहळ्यांचा ढीग पडला. तेरवीला कोहळ्याची भाजी आणि पुरी, हे गल्लीतल्या बायांनीच ठरवलं होतं आणि चिरायलाही त्याच आल्या होत्या. कुणी पावशी, म्हणजे विळी घेऊन, कुणी पाट घेऊन. केतकीने दोन्ही सुऱ्या कागदातून काढून बायांसमोर जमिनीवर ठेवल्या. सुरी हातातून हातात द्यायची नाही, भांडण होतं. ती ठेवायची आणि घेणाऱ्याने उचलायची.

मोतीबाईने आपली उचलली, कोहळ्याच्या सालीत घातली आणि ती लोण्यात जावी तशी गेली. "माय वं," मोतीबाई म्हणाली, "भाऊनं जाता जाता पण काम करून ठेवलं."

केतकीने पुढचा कोहळा तिच्याकडे सरकवला.

सुग्राबीने आपल्या सुरीने दोन फोडी केल्या, तिसरी करताना थांबली. पातं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "ही भाऊची धार नाही."

"अवो, बुढे, आजच्या दिवशी तरी," मोतीबाई पुटपुटली.

"काहून? खोटं बोलू का? हे पाय, सरळ कापायले गेली तर डावीकडे पळते. एकाच अंगानं घासलेली हाय." तिने केतकीकडे पाहिलं. "तू लावली न, बेटी?"

"हो."

"पश्चिम राह्यली," सुग्राबी म्हणाली.

आधी मोतीबाईच्या तोंडून हसू फुटलं, मग सुग्राबीच्या, आणि ओट्यावर बसलेल्या आईनेही पदर तोंडाला लावला. हसता हसता तिचे खांदे हलायला लागले आणि ते हसणं कुठे संपलं ते कुणाला कळलं नाही. सुग्राबी उठून तिच्याजवळ जाऊन बसली. "भाऊले मी तोंडावर सांगत होती," ती म्हणाली. "नाही जमलं तर नाही जमलं. तो म्हणे, द्या इकडं, पुन्हा पाहू. कधी राग नाही धरला त्यानं." तिने सुरी जमिनीवर ठेवली. "ने बेटी. घाई नाही. कोहळे लय हायेत."

केतकी सुरी घेऊन मागच्या ओसरीत आली. पंचा ओला केला, घडी घातली. कागद दुमडायला घेतला आणि लक्षात आलं की तो लागत नाही आता. हाताला कोन कळत होता. तिने डावं अंग कांडीला लावलं आणि ओढलं. पुन्हा ओढलं. पुढच्या अंगणातून पावशीचे खटखट आवाज येत होते, बायांचं बोलणं येत होतं, कुणीतरी मीठ किती ते विचारत होतं.

तिला आठवलं की बाबा या जागी बसून फॉर्मचं बोलत होते तेव्हा त्यांनी वर पाहिलं नव्हतं. तिला उत्तर द्यायला सोपं जावं म्हणून पाहिलं नव्हतं. तिच्याजवळ पुस्तक होतं, त्यांच्याजवळ सुरी होती, आणि मध्ये हाताभराची सतरंजी. एवढ्या अंतरावर एक शब्द नेऊन ठेवायचा होता.

सातवी ओढ. आठवी. अंगठ्याला आता दोन्हीकडून सारखं लागत होतं.

"कोणाशी बोलून राह्यली वं?" आईने दारातून विचारलं. ती पुरीसाठी परात न्यायला आली होती.

आपण बोलत होतो हे केतकीला तेव्हा कळलं. तिने सुरी पाटावर ठेवली.

"बाबाशी," ती म्हणाली. आणि मग आई तिथेच परात छातीशी धरून उभी असताना, रिकाम्या सतरंजीकडे पाहत, ती अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, मी फॉर्म भरला होता. मुलाखत देऊन गेली, घरी आली नाही, तुमाले सांगतलं नाही. जागा भेटते का नाही, अजून काहीच कळलं नाही. पण तुम्ही फॉर्म भर म्हटलं तवा मले हो म्हणायचं होतं. मले घरी यायचं होतं, बाबा. जागा भेटो का न भेटो, मले तुमच्याजवळ यायचं होतं."