लिफ्टवाल्या बाई

लिफ्ट मध्येच बंद पडली की माणसाची बोबडी वळते. भलेभले साहेब, ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खं ऑफिस सरळ बसतं, तेसुद्धा दोन मजल्यांच्या मध्ये अडकले की रडवेले होतात. अशा सगळ्यांचे फोन लिफ्ट कंपनीच्या ज्या मदतकक्षात येत, तिथं दिवसपाळीला एकच बाई असायची. तिच्या आवाजाची कंपनीत ख्याती होती. "घाबरू नका, मी आहे ना," एवढं ती म्हणाली की समोरच्याच्या जिवात जीव यायचा. तिची पद्धत ठरलेली होती. आधी विचारायचं, बरे आहात ना? मग, सोबत कोण आहे? आणि कुठलं बटण दाबलंत, कशाला दाबलंत, हे माणूस बाहेर येईपर्यंत विचारायचंच नाही. या शांतपणाबद्दल परवा कंपनी तिचा सत्कारही करणार होती.

आता गंमत बघा. हीच बाई संध्याकाळी घरी पोचली की चप्पल काढायच्या आत तोंडाचा पट्टा सुरू. हे कुणी सांडलं? तो दिवा कुणी चालू ठेवला? दिवसभराची सगळी शांतता परक्यांना वाटून झालेली, घरच्यांच्या वाट्याला काही उरायचंच नाही. नवरा शिंपी, घराखालीच त्याचं दुकान. तो सरळ टाचण्या तोंडात धरून वर यायचा, म्हणजे उत्तर द्यायला नको. नऊ वर्षांच्या लेकीकडे, भिंगरीकडे, टाचण्या नव्हत्या. ती नुसतीच गप्प राहायला शिकली. गेल्या महिन्यात शाळेतून आलेली चिठ्ठी तिनं आठ दिवस दप्तरात दडवली, आणि आईला त्या चिठ्ठीपेक्षा ते आठ दिवस जास्त जिव्हारी लागले. पोरगी आपल्यापासून लपवायला लागली, ही भीती तिच्या मनात घर करून बसली. ते बोलून दाखवतानाही ती ओरडलीच.

आज तीनच्या सुमाराला मदतकक्षातला फोन वाजला.

"मला लिफ्टवाल्या बाईंशी बोलायचंय."

आवाज तिनं लगेच ओळखला. "भिंगरी? काय झालं? बाबा कुठायत?"

"आई नको," पलीकडून ठणकावून उत्तर आलं. "बाई हव्यात. सुट्टीत मी तिकडे आले होते तेव्हा दिवसभर सगळ्यांशी बोलत होत्या ना, त्या."

 तिनं हेडफोन नीट केला.

"बोलतेय. बरी आहेस ना?"

"हो."

"कुठे लागलं वगैरे नाही ना?"

"नाही."

"सोबत कोण आहे?"

"कोट," भिंगरी म्हणाली. "माझ्या आईचा. तुम्ही तिला सांगणार नाही ना?"

सत्काराला घालायचा राखाडी कोट! सहा वर्षांत पहिल्यांदा नवऱ्यानं तिच्यासाठी काही शिवलं होतं. तिचा पारा सरसर चढला. 'कशाला हात लावलास?' हे अगदी ओठांवर आलं. पण समोर फोन होता, आणि फोनवर हा प्रश्न विचारायची तिला सवयच नव्हती. ती घोटभर पाणी प्याली.

"सावकाश सांग. मी ऐकतेय."

"आई रोज म्हणते बाह्या लांब झाल्यात. बाबा रोज म्हणतात उद्या करतो. म्हटलं आपणच करून टाकू, आई खूश होईल. डावी कापली. मग उजवी, ती जरा जास्तच कापली गेली. म्हणून परत डावी. मग परत उजवी..."

"आता कुठवर आल्यात?"

"कोपराच्या वर."

हसावं की रडावं तिला कळेना. घरचा नेहमीचा प्रश्न विचारला असता तर 'कापला' एवढंच कानावर आलं असतं, आणि आईला खूश करायची ती धडपड पोरीच्या पोटातच राहिली असती.

"हे आईलाच का नाही सांगत?"

"ती ऐकायच्या आधीच ओरडते. तुम्ही आधी ऐकता."

हे तिला लागलं, आणि चांगलंच लागलं. "बरं. तिथेच थांब, मी माणूस पाठवते," असं म्हणून तिनं नवऱ्याला मोबाइल लावला. "टाचण्या काढ तोंडातून आणि वर जा. ओरडू नकोस. आणि आधी ती कात्री काढून घे."

संध्याकाळी जिना चढताना तिनं स्वतःला दर पायरीला बजावलं. खुर्चीवर कोट होता. शिंप्यानं बाह्या दुमडून बऱ्या शिवल्या होत्या. तिनं तो घातला, आरशात पाहिलं. भांडी घासायला बाह्या सरसावल्यासारखी दिसत होती ती! राग पुन्हा उसळला. भिंगरीनं आईचा चेहरा बघितला आणि अर्धं पाऊल मागं सरकली.

ते अर्धं पाऊल आईनं पाहिलं.

"मला राग आलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "चांगलाच आलाय. पण तू मला खूश करायला गेली होतीस, तेही कळलंय. तू बरी आहेस ना?"

"बाईंनी सांगितलं तुला?"

"हो. त्या आता आपल्याकडेच राहायला आल्यात."

"किती दिवस?"

"नक्की नाही सांगता येत गं. एखाद्या दिवशी नसतीलही. तेव्हा तू हाक मार."

भिंगरीनं बराच विचार केला. मग म्हणाली, "मग अजून एक सांगायचं होतं." जरा थांबून, "एक नाही. तीन आहेत."

 तसाच कोट अंगात ठेवून आईनं जमिनीवर बसकण मारली. "सांग. सावकाश."

स्वयंपाकघरातून शिंपी खाकरला. "तुमचं झालं की माझंही एक आहे," तो म्हणाला.

ती सरकली आणि त्यालाही जागा करून दिली.