एका गोटीचा ठोका

काचेची गोटी. तळहाताच्या घामात मासोळीसारखी निसटू पाहणारी.

लोहाराचा कान — त्यात दोन पांढरे केस.

गुडघाभर चिखल, डोक्यावर भाताचा भारा.

शाळेच्या फाटकाबाहेर आडव्या पाडलेल्या सायकली; आज त्यांची घंटा कुणी वाजवायची नाही, मतांशी गल्लत होते.

गोटी सिरेच्या मुठीत होती आणि पडद्याआड तीन ड्रम — हिरवा तिच्या दिराचा, राखाडी शेजारगावच्या कुणाचा, निळा तिदाचा. ज्याच्या ड्रमात गोटी, त्याला मत; आत घंटेवर ठोका पडतो, तो बाहेर आंब्याखाली बसलेल्यांनाही ऐकू जातो. तिदा म्हणजे सिरेची सवत. नदीकाठच्या ह्या गावातून आजवर एकही बाई कौन्सिलला उभी राहिली नव्हती, आणि राहिली ती ह्याच घरातून, दिराच्या विरोधात...

'लोखंड माझ्याशी खोटं बोलत नाही,' न्याहारीला बोटं चाटत तिचा नवरा सान्ना म्हणाला होता. 'तीन ड्रम, तीन आवाज. तुझ्या पाळीला निळा वाजला तर तशीच माहेरची वाट धर.'

नवरा लोहार, कुऱ्हाडीला गेलेली चीर नुसत्या आवाजावरून सांगणारा — त्याला खोटं कसं म्हणावं? जुना राष्ट्राध्यक्ष देश सोडून विमानात बसून गेला त्याला वर्ष उलटलं, पण त्याच्यासाठी ऐकणारे कान गावातच राहिले...

मघाशी रांगेत पुढे उभी असलेली न्यिमा म्हणाली होती, 'सवतीला मत? मग नवऱ्याच्या पाळीची रात्रही देऊन टाक की!'

'ती कधीच दिली गं. घोरतो मेला.'

बायका हसल्या. सिरेही हसली — आणि आता पडद्याआड एकटी.

खाचरांकडे जायला पूल हवा, एवढंच तिदा बोलते. त्याच चिखलात सिरे भाऱ्यासकट घसरली होती, पोटातलं गेलं होतं, आणि तिला पाठीवर घेऊन धापा टाकत... 'अक्का, झोपू नकोस, शिव्या दे मला, पण झोपू नकोस'... तिदाच. सान्ना तेव्हा भट्टीवर होता. इतक्या हाका मारल्या — त्या कानांना काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही...

'बाई, आटपा,' पडद्याबाहेरून अधिकारी.

तिने मूठ निळ्या ड्रमाच्या नळीवर धरली. उघडेना. मग उघडली —

ठण्ण.

केवढा मोठा! बाहेर आंब्याखाली सान्ना मान तिरकी करून बसलेला. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. भीती होती, पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी — ऐकलं असेल ना यानं? ऐकलेलं असू दे... ह्या वेळी तरी...

सान्ना कुठला रंग ते तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिला.

सकाळी, न्याहारीच्याही आधी, मतदान सुरू होण्यापूर्वी, अधिकाऱ्याने तिन्ही घंटा गावासमोर वाजवून दाखवल्या होत्या. आवाज एकच होता. सिरे तेव्हा विहिरीवर होती. सान्ना सगळ्यांच्या पुढे उभा होता.