बोलण्याचे साडेसहा

माईक बंद झाला तेव्हा दीपमालाच्या ओठांत 'ब' अडकलेला होता.

समोरच्या पडद्यावर बंदराचं चित्र होतं. बोटी, क्रेन, निळं पाणी. त्याचं इंग्रजीत वर्णन करायचं. 'बोट' हा काही अवघड शब्द नव्हे. पण ओठ मिटले ते उघडेचनात. मानेच्या शिरा ताणल्या, डोळे आपोआप घट्ट मिटले, आणि उघडले तोवर पडद्यावरची पट्टी थांबली होती. तीन सेकंद आवाज आला नाही की संगणक धरून चालतो, बोलणाऱ्याचं बोलून झालं. शेजारच्या खणांतून मुलं घडाघडा बोलत होती. दीपमालाने घाम पुसला आणि पुढचा प्रश्न घेतला.

निकाल लगेच आला. ऐकणं, वाचणं, लिहिणं, तिन्ही उत्तम. बोलणं नव्वदपैकी दहा. दहा म्हणजे शून्यच. त्या परीक्षेत त्याच्या खाली काही देतच नाहीत.

दीपमाला पगारे नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात डायलिसिसच्या विभागात नर्स होती. वय चौतीस. सातपूर कॉलनीत आईवडिलांजवळ राहायची. कळायला लागल्यापासून ती बोलताना अडखळायची, आणि तिचं वाक्य सुरू झालं की ते दुसरंच कोणीतरी पूर्ण करायचं. शाळेत बाई करायच्या, दुकानात दुकानदार करायचा. आई, लताबाई, तर वाक्य सुरू व्हायच्या आधीच करायची. मुलगा बघायला आला की लेकीचं शिक्षण, नोकरी, आवडीनिवडी सगळं लताबाईच सांगायच्या, वर 'जरा लाजाळू आहे' हेही सांगायच्या. दीपमाला लाजाळू मुळीच नव्हती. त्या वेळी ती आतून भडकलेली असायची.

विभागात तिच्या कामाला कुणी कधी नावं ठेवली नव्हती. पण इन्चार्ज नेमायची वेळ आली की तिच्या हाताखाली शिकलेलीच एखादी वर जायची. "फोनवर नातेवाइकांशी बोलावं लागतं गं," मेट्रन म्हणायच्या, "तुलाच त्रास होईल." हे तिसऱ्यांदा ऐकलं त्या संध्याकाळी तिने ऑस्ट्रेलियातल्या नोकऱ्यांची चौकशी सुरू केली. तिथे जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि तीत बोलण्याचेही मार्क असतात, हे कळल्यावर तिला आधी हसू आलं. मग ती हट्टाला पेटली.

दहा मार्कांनंतर तिने इंदिरानगरमधल्या राकेश सरांचा क्लास लावला.

"मॅडम, तुम्ही अर्थाच्या मागे लागता," सर म्हणाले. "मशीनला अर्थाशी काय करायचंय? बोलणं वाहतंय का, एवढंच ते धरतं. हा साचा पाठ करा."

साचा म्हणजे सात-आठ गुळगुळीत वाक्यं. हे चित्र अत्यंत माहितीपूर्ण आहे, त्यात अनेक महत्त्वाच्या बाबी दिसतात, एकंदरीत विषय विचार करण्याजोगा आहे. चित्र बंदराचं असो की कांद्याच्या भावाचा तक्ता, वाक्यं तीच. क्लासमधली पोरं ती पाढ्यांसारखी म्हणायची. दीपमालानेही म्हटली, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना ती कधी अडखळत नसे, तशीच इथेही अडखळली नाही. सराव परीक्षेत बोलण्याला अठ्ठ्याहत्तर पडले. सरांनी सगळ्या क्लासला टाळ्या वाजवायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी तिने ते झुंबरकाकांना म्हणून दाखवलं.

झुंबरकाका हरसूलकडचे. मूत्रपिंडं गेलेली, म्हणून आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीने यायचे आणि चार तास मशीनला जोडून पडायचे. इंग्रजीचं अक्षर ठाऊक नाही, पण दीपमालाला कुणासमोर तरी बोलून सराव करायचा होता आणि काकांनी आपणहून सांगितलं होतं, "माझ्यापुढं बोल. हातात सुई हाय, मी थोडाच पळून जातो?" महिनाभर ती अडखळत बोलायची आणि ते भिवया उंचावून, जणू पुढे काय होणार म्हणून, ऐकत राहायचे. शब्द अडला की तेही श्वास धरायचे.

त्या दिवशी साचा सुरळीत संपला. तिने वर पाहिलं तर काकांना झोप लागली होती. ती बोलत असताना ते पहिल्यांदाच झोपले होते.

जागे झाल्यावर ते ओशाळले. "लय भारी बोलली गं. पण कुठं अडलंच नाय, मंग डोळा लागला."

ती हसली. पण घरी जाताना तिला काही ते हसण्यासारखं वाटेना. अठ्ठ्याहत्तर मार्क पडले होते आणि ती काहीच बोलली नव्हती. पुढच्या रविवारी तिने राकेश सरांना सांगितलं, की ती मशीनची परीक्षा देणार नाही. दुसरी देणार, जिच्यात समोर माणूस बसतो.

"अहो, आयतं हाती आलेलं सोडताय!" सर वैतागले. "तिथे साचा चालत नाही. पाठ केलेलं परीक्षकाला लगेच कळतं."

"म्हणूनच द्यायचीय," ती म्हणाली. "ते अठ्ठ्याहत्तर सा— साच्याला पडले, सर. मला नाही."

"बरं, मग निदान अडखळण्याचं कुठे लिहू नका. विचार करताय असं दाखवा. उगाच शिक्का बसेल."

तिने अर्जातच लिहिलं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं. परीक्षा केंद्रातून एका मुलाचा फोन आला. तो जरा अवघडून म्हणाला, "मॅडम, याने मार्क वाढत नाहीत हं. फक्त वेळ जास्त मिळतो."

"मला व— वेळच हवाय," दीपमाला म्हणाली.

परीक्षक पन्नाशीच्या बाई होत्या. छोटी खोली, टेबलावर रेकॉर्डर. सुरुवातीच्या साध्या प्रश्नांनंतर त्यांनी एक कार्ड पुढे केलं. शिकायला अवघड गेलेल्या गोष्टीबद्दल बोला. दीपमालाने इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. डायलिसिसच्या रुग्णाच्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या शस्त्रक्रिया करून जोडतात, तिथेच दर वेळी जाड सुई घालावी लागते. आधी त्या जागेवर बोटं ठेवायची. रक्त नीट वाहत असेल तर कातडीखाली काहीतरी जाणवतं. काय जाणवतं, तर...

'प' अडला. ओठ मिटले. बाई थोडा वेळ थांबल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर ती ओळखीची, मायाळू घाई आली, आणि त्या हळूच म्हणाल्या, "पल्स?"

नाडी. अगदी चुकीचा शब्द नव्हता. हो म्हटलं असतं तर वाक्य पुढे गेलं असतं. आयुष्यभर तिने हेच केलं होतं. लोकांनी हातात ठेवलेला शब्द घेऊन पुढे गेली होती. नको असलेली भाजी घेतली होती, नको त्या स्टॉपवर उतरली होती.

"नो," ती म्हणाली. तो शब्द मात्र स्वच्छ आला. "प्लीज, मला पूर्ण करू द्या."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. रेकॉर्डर चालू होता. खोलीत काही ऐकू येत नव्हतं, फक्त दीपमालाचा श्वास. तिने डोळे मिटले नाहीत. बाईंकडे बघत राहिली.

"पर्र," ती म्हणाली. मांजर मांडीवर बसून घुरघुरतं, त्याला इंग्रजीत हाच शब्द आहे. "कातडीखाली मांजर घुरघुरल्यासारखं वाटतं. नाडी ठोके देते. हे ठोके देत नाही."

बाईंनी काहीतरी टिपलं. काय, ते दिसलं नाही.

निकाल आला. ऐकणं आठ, वाचणं साडेसात, लिहिणं सात, बोलणं साडेसहा. हवे होते सगळ्यांत सात.

राकेश सरांनी फळ्यावर चार चौकोन काढले. "ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार. प्रत्येकाला नऊपैकी मार्क, मग सरासरी. मार्कांची ही फोड ते दाखवत नाहीत, पण माझा अंदाज सांगतो. शब्द आठ, व्याकरण सात, उच्चार सात. ओघाला पाच. बेरीज सत्तावीस. भागिले चार, पावणेसात. पावणेसात देत नाहीत, खाली उतरवतात. साडेसहा."

"ओघाला पाचच का?"

"तुम्ही थांबता ना. माणूस थांबला की परीक्षकाला वाटतं, शब्द शोधतोय. भाषा कच्ची आहे. नियमच आहे तो, शब्द शोधायला किती थांबता ते बघायचं."

दीपमाला उठून फळ्याजवळ गेली. "मी शोधत नव्हते, सर. शब्द मा— माझ्यापाशी होता. त्यांनी दुसरा दिला, तो मी परत केला. ज्याला शब्द सापडत नाही, तो दि— दिलेला परत करेल का?"

सरांनी खडू खाली ठेवला. "हे रेकॉर्डिंगमध्ये आहे?"

"सगळं आहे."

"तरी सांगतो, बोलण्याचे मार्क सहसा बदलत नाहीत. त्यापेक्षा साचा तुम्हाला पाठ आहे, मशीनची देऊन टाका. पुढच्या महिन्यात विमानात बसाल."

घरी लताबाईंचंही तेच. "अर्ध्यासाठी कुणाशी भांडतेस? त्यांनी ऐकलं म्हणजे ऐकलं असेल ना नीट."

"नाही ऐकलं," दीपमाला म्हणाली. "आणि तू म— मध्ये..." लताबाईंनी तोंड उघडलं. दीपमालाने बोट वर केलं आणि पूर्ण केलं, "तू मध्ये बोलू नकोस."

तिने फेरतपासणीचा अर्ज केला. त्यात रेकॉर्डिंग दुसऱ्या, अधिक अनुभवी परीक्षकाकडे जातं आणि आधी किती मार्क दिलेत हे त्याला सांगत नाहीत. तो कुठे बसतो, कोण असतो, काही कळत नाही. दीपमालाला एवढंच हवं होतं, की ज्याला तिचं ताणलेलं तोंड दिसणार नाही अशा कुणीतरी ते पुन्हा ऐकावं, शब्द येईपर्यंत.

बरेच दिवस गेले. मग रुग्णालयाच्या जिन्यात तिच्या फोनवर संदेश आला. बोलणं, सात. का वाढले, कुठला चौकोन बदलला, एक अक्षर नव्हतं. ती कठड्याला टेकून उभी राहिली. वरून मेट्रन उतरत होत्या. "काय गं, बरं नाही का?"

"बरंय," दीपमाला म्हणाली. "रा— राजीनामा द्यायचाय. तुमच्या हातात देऊ की ऑ— ऑफिसात?"

मेट्रन मध्ये बोलल्या नाहीत.

महिनाभराची मुदत होती. तिच्या जागेवर येणाऱ्या तेजलला काम शिकवायचं होतं. मुलगी हुशार, हात चलाख, स्वभाव उतावळा. झुंबरकाकांना कळलं तसे ते दीपमालाशी धड बोलेनात. "जा की. मी कोण आडवणारा?" एवढं म्हणून डोळे मिटून पडायचे. नवीन पोरीने सुई घालायला हात पुढे केला की आपला आखडून घ्यायचे. दीपमालाच पुढे व्हायची. शेवटच्या आठवड्यात तिने ठरवलं, आज आपण हात लावायचा नाही.

तेजलने जागा पुसली, सुई उचलली. दीपमाला मागे उभी होती.

"आता त—" तिने सुरू केलं आणि अडली.

"तशीच घालू?" तेजल म्हणाली.

"थांब ना पोरी," काकांनी डोळे न उघडताच म्हटलं. "बोलू दे तिला. मंग टोच."

तेजल सुई धरून थांबली. पलीकडच्या खाटेवरची बाईसुद्धा इकडे बघू लागली.

"तिरकी," दीपमाला म्हणाली. "जरा तिरकी धर."

काकांनी मान खिडकीकडे वळवली आणि हात सैल सोडला.