चुना ओतलेला ओढा

पीएच सात! बंद खाणीतून निघणाऱ्या ओढ्याचा! मीटर तीनदा धुऊन पाहिलं, तरी सातच. मग वरच्या वळणावर चुन्याची रिकामी पोती दिसली आणि माझं डोकंच फिरलं. आम्ही नमुने घ्यायला येणार म्हणून खाणवाल्यांनी आम्ल मारायला सकाळीच पाण्यात चुना ओतला होता.

पण चुना दगडांखाली पोचत नाही. तिथला नारिंगी, बुळबुळीत थर खरवडून मी बाटलीत भरला. ओटावाच्या लॅबमध्ये त्यात जे बॅक्टेरिया सापडले, ते सगळे लिंबाच्या रसाइतक्या आंबट पाण्यात सुखाने नांदणारे, लोखंड आणि गंधकावर जगणारे. असं गोकुळ एका दिवसात भरत नाही. म्हणजे एरवी हा ओढा आम्लच वाहून नेतो, आणि त्यात विरघळलेलं आर्सेनिकही. खाली तळं आहे. काठावरच्या चाळीस घरांच्या नळाला तेच पाणी येतं.

आमच्या पाणी तपासणाऱ्या कंपनीचे मालक संजयदादा मूळचे पुण्याचे. मी नागपूरहून इकडे परदेशात आले तेव्हा पहिला महिना त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहिले होते. रिपोर्ट वाचून ते म्हणाले, "कल्याणी, हे बॅक्टेरियाचं पान ड्रॉप कर. खाणवाले आपले क्लायंट, त्यांनी फक्त पीएच विचारलाय."

"दादा, लोक पितात ते पाणी!"

"यू आर ओव्हरथिंकिंग. सही करून टाक, गेल्या वर्षी केलीस तशी."

गेल्या वर्षी? मी फाइल काढली. तोच ओढा, तोच सात, 'पाणी पिण्यास योग्य', आणि खाली माझी सही. नोकरीचा दुसरा आठवडा होता. दादांनी दिलेला कागद त्यांच्यासमोर वाचत बसणं मला उद्धटपणाचं वाटलं होतं. मूर्ख, आज्ञाधारक मुलगी! माझाच मला इतका संताप आला की मी फाइल त्यांच्या टेबलावर आपटली.

"मी हे पर्यावरण मिनिस्ट्रीला कळवणार."

"पहिलं तुझंच नाव येईल. लायसन्स जाईल."

"जाऊ दे."

त्यांच्यासमोरच मेल लिहिला आणि तळ्याकाठच्या पाणी समितीलाही पाठवला. नळाचं पाणी आजपासून पिऊ नका. ते योग्य असल्याचं गेल्या वर्षी मीच लिहून दिलं होतं, न वाचता.

पाच मिनिटांत समितीच्या बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज चिरकत होता. "माझ्या बाळाचं पावडरचं दूध मी वर्षभर याच पाण्यात कालवलंय. आता काय करू, सांगा ना!"

दादा उठून दाराकडे निघाले. मी फोन स्पीकरवर टाकला.

"बसा, दादा," मी म्हटलं. "सांगा त्यांना."