शुक्रवारचे मासे

पाकिटाची चिकटपट्टी सुटेना, तेव्हा सुहासिनीने ती दातांनी ओढली. खाली पार्किंगमध्ये, गाडीची डिकी उघडी टाकून, भर दुपारी. आभाची पोहण्याची पिशवी घ्यायला ती उतरली होती. पिशवीच्या मागे, पाण्याच्या दोन बाटल्यांखाली दडपलेलं हे पाकीट होतं. मेलबर्नचा शिक्का, धाकट्या बहिणीचं, अस्मिताचं अक्षर, आणि पत्त्यावर राजनच्या ऑफिसचा पोस्ट बॉक्स. दुबईत पत्र घरी येत नाही. ते नवऱ्याच्या ऑफिसात येतं आणि त्याच्या मर्जीने घरी पोचतं.

मंगळवारीच तिने त्याला विचारलं होतं, अस्मिताने तिची कादंबरी पाठवलीय म्हणे, आली का? "नाही बुवा," तो म्हणाला होता. शिक्का महिन्यापूर्वीचा होता.

"नाही बुवा!" ती डिकीला म्हणाली, आणि डिकी अशी आपटली की वॉचमन खैरुद्दीन खुर्चीवरून उठून उभा राहिला.

वर राजन गुरुवारच्या अर्ध्या सुट्टीची झोप काढत होता. सात वर्षांच्या आभाने आईच्या हातातून पुस्तक घेतलं आणि मागची बाजू मोठ्याने वाचली.

"अ नॉव्हेल ऑफ फॅमिली, लव्ह अँड लॉस. आई, मावशी रोट धिस? इज इट अबाउट अस?"

"नाही. आज पोहायला नको. शेजारी कुलसुमआंटीकडे जाऊन खेळ."

"बट इट्स थर्सडे!"

"जा म्हटलं ना."

सुहासिनी ओट्याला टेकून उभ्याउभ्याच वाचायला लागली. अस्मिताच्या पोटात लहानपणापासून घरातली गोष्ट राहत नसे, पण ती चारचौघांत बोलून मोकळी व्हायची, छापत नसे. वीस-पंचवीस पानांतच सगळं उघड झालं. वाळवंटाकाठचं एक शहर, एक बाई, नऊ दिवसांचा होऊन गेलेला तिचा मुलगा. ती बाई रडत नव्हती. ती भांडी आपटायची, नवऱ्यावर खेकसायची, आणि त्यामुळे वाचणाऱ्याला तिची कीव यावी अशी चोख व्यवस्था केलेली होती.

आणि बाळाला नाव होतं. ईशान.

नऊ दिवसांच्या मुलाला नाव नसतं. त्याचं बारसं बाराव्या दिवशी ठरलं होतं. राजनची बहीण ठाण्याहून विमानाचं तिकीट काढून बसली होती, कारण नाव ठेवण्याचा मान आत्याचा. आता नऊ वर्षांनी मावशीने मेलबर्नमध्ये बसून परस्पर बारसं उरकलं होतं, आणि पेढे म्हणून हे पुस्तक पाठवलं होतं. सुहासिनीला इतका संताप आला की पुढची दोन पानं तिने एकही अक्षर न कळता उलटली.

एकशे ब्याऐंशीव्या पानावर मात्र ती थांबली. ईशानचा बाप दर शुक्रवारी सकाळी, कुणालाही न सांगता, गाडीत पाण्याच्या दोन बाटल्या टाकून दफनभूमीत जातो आणि संगमरवरावर कोरलेलं मुलाचं नाव धुतो, असं तिथे लिहिलं होतं.

राजन दर शुक्रवारी सकाळी सातला मासे आणायला जायचा. देऱ्याचं मासळी मार्केट करामातल्या त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर. तो यायचा दहाला. "मासे आणायला गेला होतास की पकडायला?" हा त्यांच्या घरातला जुना विनोद होता. आभासुद्धा हसायची.

तिने मेलबर्नचा नंबर फिरवला.

"ताई! मिळालं का गं पुस्तक?"

"माझं बाळ विकायला काढलंस तू."

"ताई, असं काय बोलतेस? ती गोष्ट आहे. मी सगळं बदललंय. शहराचं नावसुद्धा नाहीये त्यात."

"आणि शुक्रवारचं? तेही तूच रचलंस?"

मग अस्मिता अगदी हळू बोलली.

"मला वाटलं, तुला माहीत आहे. मी मागे आले होते ना, तेव्हा भाऊजींनी एअरपोर्टला सोडताना सांगितलं. तू येत नाहीस, एवढंच म्हणाले."

सुहासिनीने फोन ठेवून दिला.

ती येत नाही! तिला नेलं होतं कधी कुणी? ती हॉस्पिटलच्या पलंगावर होती तेव्हा मुंबईहून सासूबाईंचा फोन आला होता. दात न आलेलं लेकरू पुरायचं असतं, जाळायचं नसतं, आणि आईने तिथे पाऊल टाकायचं नसतं, पुढच्या बाळाला बाधतं. राजन एकटाच जाऊन आला. आभा पोटात असताना तिने एकदा विचारलं होतं, नक्की कुठे ठेवलं रे त्याला? "सगळ्या जागा सारख्याच आहेत तिथे," तो म्हणाला होता. "आता मलाही सांगता येणार नाही." तिने त्यावर विश्वास ठेवला. दफनभूमीवरून जाणाऱ्या जबल अलीच्या रस्त्याने जाताना ती नऊ वर्षं खिडकीतून वाळू बघायची, आणि त्यातली आपली कुठली हे तिला माहीत नसायचं.

राजन डोळे चोळत स्वयंपाकघराच्या दारात आला.

"चहा ठेवलास?"

"उद्या मासे कुठून आणणार आहेस?"

त्याने ओट्यावरचं पुस्तक पाहिलं. मग खुर्ची ओढून बसला.

"वाचलंस तर."

"तू नाही वाचलंस?"

"मागची बाजू वाचली. पुढे धीर झाला नाही. म्हणून तर पुन्हा चिकटवून डिकीत..."

"मला सांगितलं असतंस तर जीभ झडली असती तुझी?"

"आईने शपथ घातली होती. मग आभा झाली. मग खूप शुक्रवार होऊन गेले, सुहास. इतके होऊन गेल्यावर सुरुवात कुठून करणार?"

"अस्मितापाशी केलीस ना सुरुवात!"

"ती विमानात बसून निघून जाणार होती," राजन म्हणाला. "तुझ्यासमोर मला रोज बसायचं होतं."

तिचा राग आणखी चढला. मग तिने जुनी भांडणं काढली. सासूबाईंचं काढलं. ऑस्ट्रेलियाच्या पीआरचे, तिथे कायमचं राहायला जाण्याचे फॉर्म काढले. अस्मिताने पाठवलेले ते फॉर्म तीन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होते, तिच्या सह्या झालेल्या, त्याच्या बाकी. दर वेळी त्याचं ठरलेलं उत्तर होतं, इन्शाल्ला, पुढच्या वर्षी बघू.

"तुला कधी कशाचं काही सांगायचंच नसतं," ती म्हणाली. "उद्या मी येणार."

"तिथे बायका..."

"खलास. मी येणार."

सकाळी आभाला कुलसुमकडे सोडून ती पुढच्या सीटवर बसली. पाण्याच्या बाटल्या तिच्या पायांशी होत्या. राजनने दोनदा विचारलं, एसी वाढवू का? काय काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती, आणि एकेक वाक्य चांगलं झणझणीत झालं होतं.

दफनभूमीच्या फाटकावरच्या माणसाने राजनला पाहून हात वर केला.

"सलाम, राजनभाई." मग त्याची नजर तिच्याकडे गेली. "भाभी पहली बार आयी?"

"हां, याकूबभाई," राजन म्हणाला.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"तू इथेच थांब," ती राजनला म्हणाली. "माझं मी शोधते."

पुस्तकात वाचल्याप्रमाणे ती संगमरवर शोधत निघाली. ईशान हे नाव शोधत निघाली, तेच नाव, ज्यावरून काल तिचा जळफळाट झाला होता. संगमरवर कुठेच नव्हता. भिंतीलगत वाळूत सिमेंटच्या लहान लहान फरश्या उभ्या होत्या आणि त्यांवर काळ्या रंगाने इंग्रजी अक्षरं काढली होती. बेबी ऑफ मर्सी. बेबी ऑफ शांती. बेबी ऑफ रोझलिन. हॉस्पिटलात बाळाच्या मनगटाला बांधलेल्या पट्टीवर असंच लिहिलेलं असायचं. नाव ठेवण्याआधी गेलेलं मूल इथे आईच्या नावाने नोंदतात, हे तिला आत्ता कळलं. ती भराभर चालायला लागली.

पाचव्या रांगेत तिला स्वतःचं नाव दिसलं.

आजूबाजूच्या फरश्यांवरची अक्षरं उन्हाने विटली होती. बेबी ऑफ सुहासिनी मात्र काळंभोर होतं. एकावर एक रंगाचे थर दिसत होते. नाव मोठं म्हणून शेवटची अक्षरं दाटीवाटीने खाली घसरली होती. हे पुन्हा पुन्हा रंगवणं राजनने अस्मिताला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने पुस्तकातून वगळलं नसतं.

गाडीत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. ती खाली बसली. राजन केव्हातरी मागे येऊन उभा राहिला, एक बाटली उघडून त्याने तिच्या हातात दिली. तिने पाणी ओतलं. धूळ निघून गेली.

"आणि ती दुसरी कशाला?"

राजनने शेजारच्या फरशीकडे बोट केलं. त्यावर 'बेबी ऑफ' एवढंच उरलं होतं.

"त्याचं कुणी येत नाही. याकूबभाई म्हणतो, आधी यायचे दोघं. मग कॅनडाला गेले."

सुहासिनी त्या फरशीकडे बघत राहिली. ड्रॉवरमधल्या फॉर्मवरची त्याच्या सहीची रिकामी जागा तिच्या डोळ्यांसमोर आली. तिने त्याच्या हातातून दुसरी बाटली ओढून घेतली, स्वतःच उघडली आणि सगळीच्या सगळी तिथे ओतली.

राग गेला नव्हता. इतक्यात जाणारही नव्हता.

"माझं नाव असं लिहितात?" ती म्हणाली. "शेवटची अक्षरं बघ कशी लोळतायत. पुढच्या शुक्रवारी रंग आण. मी काढते."

"बरं."

"आणि ह्याच्या आईचं नाव काय होतं ते तिथे ऑफिसात विचारून ये."

"आत्ता?"

"मग केव्हा? यल्ला, जा."

राजन फाटकाशेजारच्या खोलीकडे निघाला. तो लांब जाईपर्यंत ती थांबली, मग वाळूत मांडी घालून नीट बसली. तिच्या नावाच्या फरशीवरचं पाणी वाळून फरशी पुन्हा तापली होती. तिने तिच्यावर हात ठेवला. चटका बसत होता, पण तिने हात उचलला नाही.